शेजाऱ्यांसोबतच्या रंगीत तालमीला हमीचा पैसा हवा

दरड कोसळली, पूर आला की आपण पहिला प्रश्न विचारतो: मदत किती वेळात पोचली? उशीर झाला असेल तर चौकशी मागतो, आणि ती मागायलाच हवी. पण मदतीला धावणाऱ्या पथकांना एकत्र काम करण्याचा सराव कधी आणि कुठल्या पैशातून मिळाला होता, हे विचारायचे राहून जाते. संकट देशाची हद्द ओलांडून येते तेव्हा तर हा प्रश्न कुणाच्या मनातही येत नाही. म्हणून हे मुद्दे.

१. नद्या आणि भूकंप सरहद्द पाळत नाहीत, आपली तयारी मात्र सरहद्दीपाशी थांबते. १८ ऑगस्ट २००८ रोजी कोसी नदीचा तटबंध नेपाळमध्ये कुसहा येथे फुटला आणि पाणी बिहारच्या सुपौल, मधेपुरा, सहरसा जिल्ह्यांत घुसले. ३० लाखांहून अधिक लोकांना त्याचा फटका बसला. तटबंध नेपाळच्या जमिनीवर, पण १९५४ च्या करारामुळे त्याच्या देखभालीची जबाबदारी भारताकडे. फुटला त्या दिवशी नदीला आलेले पाणी त्याच्या ठरवलेल्या क्षमतेच्या कितीतरी खाली होते! फुटण्याआधी दोन्हीकडचे अभियंते, पोलीस आणि जिल्हाधिकारी एकदा तरी त्या तटबंधावर उभे राहून 'हा इथे फुटला तर कोण कुणाला कळवणार, गावे कोण हलवणार' याची तालीम करून गेले असते, तर काही तास तरी हाती लागले नसते का? पुरात काही तास म्हणजे माणसांचे जीव.

२. हा बिहारचा प्रश्न आहे, असे महाराष्ट्राने समजू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस नेपाळात मर्स्यांगदी नदीत कोसळली. पंचविसाहून अधिक माणसे गेली आणि हवाई दलाच्या विमानाने मृतदेह जळगावला आणावे लागले. पशुपतिनाथ, मुक्तिनाथ, एव्हरेस्टच्या वाटा इथे मराठी माणूस कायम असतो. शेजारच्या देशातले बचावकार्य किती सक्षम आहे, याच्याशी आपल्या घरांचा थेट संबंध आहे.

३. सभागृहात नकाशे पसरून केलेली चर्चा आणि पूर्ण क्षमतेची तालीम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. भूकंपात पडलेल्या इमारतीवर आंतरराष्ट्रीय बचावपथके रंगाने खुणा करतात. इंग्रजी 'व्ही' अक्षर, त्याखाली 'एल' आणि आकडा म्हणजे आत इतकी माणसे जिवंत, 'डी' आणि आकडा म्हणजे इतके मृत. माणूस बाहेर काढला की तो आकडा खोडायचा. ही खूण शेजारच्या देशाच्या पथकाला वाचता आली नाही, तर शोधून झालेलीच इमारत पुन्हा शोधली जाते आणि पलीकडच्या ढिगाऱ्याखालचा माणूस वाट पाहत राहतो. तेच बिनतारी संदेशाच्या लहरींचे, शोधकुत्र्यांच्या कागदपत्रांचे, भुलीच्या औषधांना लागणाऱ्या परवान्यांचे. या अडचणी कागदावर कधीच दिसत नाहीत. यंत्रे, माणसे आणि वाहने खरोखर हद्दीपार नेली, रात्रभर राबवली, की पहिल्याच दिवशी दिसतात. त्या तालमीत दिसाव्यात की खऱ्या ढिगाऱ्यावर, एवढाच निर्णय आपल्या हाती असतो.

४. २०१५ साली नेपाळमध्ये त्या खऱ्या ढिगाऱ्यावर दिसल्या. २५ एप्रिलच्या भूकंपात सुमारे ९ हजार माणसे दगावली. भारताच्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची (एनडीआरएफ) पथके त्याच दिवशी निघाली, हे आपल्याला भूषणावह आहेच. पण काठमांडूच्या विमानतळाला धावपट्टी एकच. जगभरातून विमाने येऊ लागली, जागेअभावी काही माघारी वळली, धावपट्टी खचू लागल्यावर मोठ्या विमानांना बंदी घालावी लागली. मदतीचे सामान कस्टममध्ये अडकले, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांना नियम सैल करण्याची विनंती करावी लागली. कुणाच्या मनात खोट नव्हती, ठरलेली आणि घोटलेली पद्धत नव्हती. सद्भावनेला सरावाची जोड नसेल तर ती कस्टमच्या गोदामात पडून राहते.

५. सरावाचे फळ पाहायला लांब जायला नको. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे १० हजार माणसे मेली. २०१३ मध्ये फायलिन चक्रीवादळ आले तेव्हा लाखो लोक वेळेत हलवले गेले आणि मृतांचा आकडा दोन अंकीच राहिला. निवारे, हवामानाचा अचूक अंदाज आणि गावोगावच्या तालमी, या सगळ्यांचे ते श्रेय आहे. बांगलादेशानेही १९७० च्या भीषण वादळानंतर हजारो स्वयंसेवकांची फळी उभारून हेच केले. एका राज्यात, एका देशात जे जमले ते दोन देशांच्या हद्दीवर करायचे, तर पैसा कोण देणार?

६. मुख्य अडचण इथेच आहे. बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या 'बिमस्टेक' गटाचे आपत्ती सराव दिल्लीत २०१७ साली आणि पुरीत २०२० साली झाले. डिसेंबर २०२१ मध्ये याच गटाचा 'पॅनेक्स-२१' सराव आपल्या पुण्यात झाला. तिन्ही वेळा यजमान भारतच. नेपाळ, भूतान, म्यानमार यांच्या तिजोरीला असा खर्च जड जातो, आणि तालीम तर त्यांच्याच डोंगरांत, त्यांच्याच धावपट्ट्यांवर व्हायला हवी. युरोपीय संघाने २००१ साली नागरी संरक्षणाची सामायिक यंत्रणा उभारली. आज तिच्यात ३७ देश आहेत आणि अनेक देशांनी मिळून करायच्या पूर्ण क्षमतेच्या सरावांना सामायिक निधीतून अनुदान मिळते. आपल्याकडे पैसा नाही असे नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राष्ट्रीय आपत्ती जोखीम व्यवस्थापन निधीला ६८,४६३ कोटी रुपये ठरवले आणि १० टक्के वाटा पूर्वतयारी व क्षमताबांधणीसाठी राखला. त्यातच शेजारी देशांसोबतच्या सरावांसाठी दरवर्षीचे वेगळे लेखाशीर्ष का नसावे? यजमानाच्या उत्साहावर चालणारा सराव उत्साह ओसरला की बंद पडतो.

७. 'हा सगळा देखावा असतो' हा आक्षेप मला मान्य आहे, निम्मा. आपल्याकडच्या तालमी आपण पाहिल्या आहेत: वेळ आधीच जाहीर, अग्निशमनाची गाडी कोपऱ्यावर तयार, स्ट्रेचरवरचा 'जखमी' कर्मचारी हसतो, फोटो निघतात आणि अहवालात 'तालीम यशस्वी' अशी नोंद होते. अशा तालमीवर एक रुपयाही खर्च होऊ नये. म्हणूनच निधीला दोन अटी घालाव्यात: सरावाची वेळ पथकांना आधी कळता कामा नये, आणि काय चुकले याचा त्रयस्थ परीक्षकांनी लिहिलेला अहवाल ९० दिवसांत लोकांसमोर यावा. ज्या तालमीत एकही चूक सापडली नाही, तिचा पैसा वाया गेला असे समजावे.

८. ही मागणी नागरिकांनीच लावून धरली पाहिजे, कारण आपत्ती येऊन गेल्यावर मदत जाहीर करणाऱ्याला टाळ्या मिळतात, ती येण्याआधी तालमीला पैसे देणाऱ्याला मिळत नाहीत. पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी आपापल्या खासदारांना लेखी विचारा: शेजारी देशांसोबतच्या पूर्ण क्षमतेच्या सरावांसाठी यंदा किती तरतूद आहे, पुढचा सराव कुठल्या देशात आणि कधी आहे, आणि पुण्यातल्या २०२१ च्या सरावात सापडलेल्या उणिवांपैकी किती दूर झाल्या?