फॉरवर्डला परतीचा रस्ता नसतो : मस्साजोग प्रकरणाच्या बातम्या कशा वाचायच्या?

मी कळंबचा. मांजरा ओलांडली की बीडचा केज तालुका. त्यामुळे ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली, तेव्हा आमच्याकडच्या ग्रुप्सवर दुसरा विषयच नव्हता.

२८ डिसेंबरला सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी सांगितलं, की तिन्ही फरार आरोपींचा खून झाल्याचा व्हॉइस मेसेज आपल्याला आलाय. त्यांनी पोलिसांनाही कळवलं होतं. बातम्या सुरू झाल्या. मीही फॅमिली ग्रुपवर टाकलं, सोबत प्रश्नचिन्ह लावलं. ४ जानेवारी २०२५ ला त्या तिघांपैकी दोघांना पोलिसांनी पुण्यात पकडलं. जिवंत. मी लगेच दुरुस्ती टाकली. पण काकांनी माझा मेसेज आधीच पुढे पाठवला होता, आणि त्यांच्या कॉपीतलं प्रश्नचिन्ह गायब होतं!

असं का होतं? व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड केलं की नवी कॉपी तयार होते. तुम्ही मूळ मेसेज डिलीट केलात तरी ती कॉपी तशीच राहते. 'फॉरवर्डेड' हे लेबल मेसेज दुसरीकडून आलाय एवढंच सांगतं, तो खरा की खोटा ते नाही. आणि मजकूर कॉपी-पेस्ट केला की लेबलही जातं.

मार्च २०२५ च्या शेवटी हे आमच्या गावात आलं. कळंबमध्ये एका महिलेचा मृतदेह सापडला आणि तिचं नाव थेट देशमुख प्रकरणाला जोडलं गेलं. तपासात तसा संबंध दिसत नाही, असं पोलिसांनी नंतर सांगितलं. तोवर तिच्याबद्दल नको ते मेसेज फिरून झाले होते. खुलासा करायला ती नव्हती.

म्हणून शब्द नीट वाचा. एफआयआर म्हणजे तक्रारीची नोंद. अटक म्हणजे संशय. आरोपपत्र म्हणजे तपास यंत्रणेचं म्हणणं. दोषी कोण, हे फक्त कोर्ट ठरवतं. राजीनामा यात कुठेच बसत नाही. ४ मार्च २०२५ ला धनंजय मुंडे यांनी मंत्रिपद सोडलं. त्यांचे निकटवर्तीय वाल्मिक कराड आरोपपत्रात आहेत, पण मुंडे स्वतः आरोपी नाहीत. राजकीय जबाबदारीवर जरूर वाद घाला, पण दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात कोंबू नका.

तपासायची सोयही फोनमध्येच आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाइटवर, संवेदनशील गुन्हे सोडले तर, एफआयआर बघता येतात. 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' अ‍ॅपमध्ये केसचा १६ अंकी-अक्षरी सीएनआर नंबर टाकला, की पुढची तारीख आणि केस कुठवर आली ते दिसतं.

दोन मिनिटं लागतात. आता प्रश्नचिन्ह मनात आलं, की मी मेसेज पाठवतच नाही, आधी शोधतो. काकांनाही अ‍ॅप टाकून दिलंय.