तरण्याताठ्याला काय होतंय?

मागच्या पावसाळ्यात आम्ही नांदेडहून लातूरला एका नातलगांकडे गेलो होतो. शेजारच्या घरातल्या मावशींना कळले की आम्ही दवाखान्याच्या कामात लोकांना मदत करतो. त्या लगेच आल्या. म्हणाल्या, "दादा, आमच्या म्हाताऱ्याला खोकल्यानं रातभर झोप नाही. त्याला एकदा मोठ्या दवाखान्यात दाखवा."

आम्ही त्यांच्या घरी गेलो. म्हातारबाबा खोकत होते, पण चहा पीत होते आणि बोलतही होते. ओट्यावर मात्र त्यांचा मुलगा भिंतीला टेकून बसला होता. वय सव्वीस, डाळमिलमध्ये हमाली. त्याला एक वाक्य पुरे करताना दोनदा दम घ्यावा लागत होता. आम्ही विचारले, "मावशी, याला ताप कधीपासून आहे?"

"पाच दिस झाले. गोळी खाऊन कामाला जाऊलालाय. त्याला काय होतंय दादा? चांगला तरणाताठा हाय."

आम्ही बापाला आणि लेकाला दोघांनाही रिक्षात घातले. दवाखान्यात बापाला औषध देऊन घरी सोडले आणि लेकाला भरती करून घेतले. फ्लूच्या तापातून न्युमोनिया सुरू झाला होता. आठ दिवसांनी मुलगा चालत घरी आला. आणखी दोन दिवस गोळ्यांवर काढले असते तर काय झाले असते, हे डॉक्टरांनी मावशींना सांगितले नाही. आम्हाला सांगितले.

"तरण्याताठ्याला काय होतंय" हे वाक्य आपल्या घराघरांत आहे. साधा फ्लू दरवर्षी येतो आणि तो म्हाताऱ्यांना व तान्ह्या लेकरांनाच जास्त छळतो, हे खरे आहे. २०२० साली कोरोना आला, तेव्हाही वयस्करांचीच काळजी जास्त होती. त्यामुळे ही समजूत आणखी पक्की झाली. पण फ्लूच्या काही साथी उलट्या वागतात. त्या घरातल्या कमावत्या माणसालाच गाठतात.

अशी सर्वांत मोठी साथ १९१८ साली आली. जुनी माणसे तिला मानमोडी म्हणत. पहिले महायुद्ध संपत आले होते. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई तापाने आजारी पडले आणि तिथून आजार शहरात पसरला. ही पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी लाट आली, ती जीवघेणी होती. रेल्वेच्या वाटेने ती देशभर गेली. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला, धान्य महागले, माणसे अर्धपोटी होती. हिंदुस्थानात सव्वा कोटी ते दोन कोटी माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. नांदेड त्या वेळीही जिल्हा होता, लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होते. १९११ च्या शिरगणतीत हैदराबाद राज्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी ३४ लाख होती. १९२१ साली ती सुमारे १ कोटी २५ लाख भरली. दहा वर्षांत माणसे वाढायची ती नऊ लाखांनी घटली. दुष्काळ होता, प्लेगही होता, पण या घटीचे मोठे कारण मानमोडी होते.

या साथीत सर्वांत जास्त मरण वीस ते चाळीस या वयात होते. कोणाच्या घरातला नांगर धरणारा गेला, कोणाच्या घरातली लेकुरवाळी गेली. आपल्या देशात पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. पोटाला कमी खाणाऱ्या त्याच आणि आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्याही त्याच.

असे का झाले? शास्त्रज्ञ यावर अजून अभ्यास करीत आहेत. जे समजले आहे ते आम्ही आमच्या कारकुनी भाषेत सांगतो.

आपल्या शरीरात एक आवक रजिस्टर असते असे समजा. जो रोग अंगात येतो त्याची नोंद होते. तोच रोग पुन्हा आला की शरीर जुनी नोंद काढते आणि बंदोबस्त करते. फ्लूच्या बाबतीत लहानपणीची पहिली नोंद सर्वांत ठळक राहते. १८८९-९० मध्येही जगभर फ्लूसारखी एक मोठी साथ येऊन गेली होती. १९१८ साली जे अठ्ठावीस-तीस वर्षांचे होते, त्यांच्या रजिस्टरात पहिली नोंद त्या साथीची असावी, आणि तो विषाणू वेगळ्या जातीचा असावा. म्हणजे शरीराने फाईल काढली, पण ती चुकीची. त्याहून म्हाताऱ्या माणसांच्या अंगात मात्र जुन्या, मिळत्याजुळत्या फ्लूची नोंद असावी. त्यामुळे ती तुलनेने वाचली.

हेच २००९ साली स्वाईन फ्लूच्या वेळी पुन्हा दिसले. त्या साथीतला देशातला पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये आपल्या पुण्यात झाला, आणि तो एका शाळकरी मुलीचा होता. १९१८ च्या विषाणूचे वंशज १९५७ पर्यंत जगात फिरत होते. १९५७ च्या आधी जन्मलेल्यांच्या अंगात त्यांची ओळख होती, म्हणून २००९ साली अनेक म्हातारी माणसे तरली. जगातल्या मृत्यूंपैकी सुमारे ऐंशी टक्के मृत्यू पासष्ट वर्षांच्या आतल्यांचे होते, असा अंदाज आहे. गरोदर स्त्रियांना धोका विशेष होता.

दुसरे कारण शरीराच्या लढण्याचे. वस्तीत आग लागली आणि सगळ्यांनी मिळून इतके पाणी ओतले की घराच्या भिंतीच खचल्या, तसा हा प्रकार आहे. ओळख नसलेला विषाणू फुप्फुसात खोल उतरला की शरीर बेभान होऊन लढते. त्या लढाईत फुप्फुसालाच सूज येते, त्यात पाणी साठते आणि माणूस गुदमरतो. याच्या पाठोपाठ तिसरे कारण येते. दुबळ्या झालेल्या फुप्फुसात दुसरे जंतू शिरतात आणि न्युमोनिया होतो. १९१८ चे बरेच मृत्यू अशाच न्युमोनियाने झाले. तेव्हा पेनिसिलिन नव्हते.

पण येथे एक गोष्ट आपण नीट ध्यानात घेतली पाहिजे. "धडधाकट माणसे मेली" एवढे म्हणून भागत नाही. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात जपून ठेवलेल्या, त्या काळातल्या माणसांच्या हाडांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. तरुणांतही ज्यांच्या हाडांवर जुन्या आजाराच्या, उपासमारीच्या खुणा होत्या, त्यांनाच मरणाचा धोका जास्त होता, असे त्यात दिसले.

आपल्याला हे कळायला क्लीव्हलँडला जायची गरज नाही. १९१८ च्या मुंबईची सरकारी नोंदच पुरेशी आहे. त्या साथीत गोऱ्या लोकांत हजारी आठ माणसे गेली. पारशी समाजात हजारी नऊ. इतर जातींच्या हिंदूंत हजारी एकोणीस. आणि नोंदीत ज्यांना 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटले आहे, त्यांच्यात हजारी एकसष्ट! विषाणू जात विचारीत नव्हता. पण अंधाऱ्या खोलीत दहा माणसे कोणी झोपवली होती, अर्धपोटी कोण होते, ताप असताना कामावर कोणाला जावे लागत होते, आणि पाणी पाजायलाही कोणाच्या उशाशी कोणी उरले नव्हते, हे जातीनेच ठरवले होते. ती आपली माणसे होती.

म्हणून आमचे सांगणे आहे. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या शेवटी जोर करतो. त्या दिवसांत ताप, खोकला, अंगदुखी असेल तर दोन-तीन दिवस घरी पडून राहावे, तोंडाला रुमाल बांधावा, खिडकी उघडी ठेवावी. लातूरला क्लाससाठी एका खोलीत चार-चार मुले राहतात. त्यांच्या आईबापांनी फोनवर अभ्यासाइतकेच तब्येतीचेही विचारावे. दम लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, गुंगी येणे, थुंकीत रक्त दिसणे, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे, यांतले एकही दिसले तर वय न बघता त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. फ्लूवरचे औषध पहिल्या दोन दिवसांत घेतले तर जास्त गुण देते. एक सलाईन लावून पुन्हा पोती उचलायला जाणे हा इलाज नव्हे. गरोदर लेकीसुनांना, दम्याच्या व साखरेच्या रुग्णांना फ्लूची लस घेण्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे.

हे लिहिताना त्या मुलाचे एक वाक्य आमच्या कानात आहे. दवाखान्यातून निघताना तो म्हणाला, "दादा, आठ दिवसाची हजेरी बुडली. किराणावाला दारात येईल." त्याला आजार कळत नव्हता असे नाही. घरी बसणे त्याला परवडत नव्हते.

त्या संध्याकाळी गल्लीतल्या बायकांच्या बचत गटाने त्या घरचा महिन्याचा किराणा भरला. मागितला नव्हता, तरी भरला. मावशी रडल्या. पुढे त्या मुलाने तो हप्त्याहप्त्याने फेडला. आमची वाचकांना विनंती आहे की, प्रत्येक वस्तीतल्या मंडळाने, बचत गटाने असा थोडा पैसा आजारासाठी बाजूला ठेवावा. हातावर पोट असणाऱ्याला पगारी रजा नसते. ती रजा त्याला आपणच दिली पाहिजे.