बावखल नकाशावर आलं

गेल्या रविवारी सकाळी आम्ही तिघं सुंभाची दोरी घेऊन वाडीमागचं बावखल मोजत होतो. दोरीचं एक टोक शेजारच्या काकांच्या हातात, दुसरं माझ्या भाच्याच्या, आणि मी मधे गाठी मोजायला. काका ऐंशीच्या घरातले. त्यांचा पहिला प्रश्न वसईतला कुणीही विचारील तोच होता.

"मोजताय कशाला? विकायचंय का?"

"नाही काका, नकाशावर टाकायचंय," भाचा म्हणाला.

"कुठल्या नकाशावर?"

"सगळ्यांच्या."

काका जरा थांबले. मग दोरी हातभर मागे ओढून म्हणाले, "मग नीट मोज. ही चिंचेकडची कड आत सरकलीय. पूर्वी पाणी पार त्या वाटेला लागायचं."

वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं छोटं तळं. भुईगाव, गास, निर्मळ, गिरीज, नंदाखाल या किनारपट्टीच्या गावांत पूर्वी घरांच्या मागे, केळीच्या बागांच्या कडेला ही बावखलं असायचीच. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी विहिरीचं पाणी गोड. त्याचं मोठं श्रेय या तळ्यांना जातं. पावसाचं पाणी त्यांत साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं आणि खाऱ्या पाण्याला मागे रेटून धरतं. आमच्या आजोबांच्या काळी बावखलाच्या काठी रहाट होता. पुढे इंजिन आलं, मग विजेचा पंप, मग नळ. नळ आला आणि बावखलाकडे पाठ फिरली. जमिनीला भाव आला तेव्हा कित्येक बावखलं एका रात्रीत भरली गेली. सकाळी उठून बघावं तर जिथे काल बेडूक ओरडत होते तिथे डेब्रिजचा ढीग.

अशा वेळी भांडायला गेलं की समोरून एकच प्रश्न येतो: इथे तळं होतं याला पुरावा काय? पुरावा म्हणजे काकांची आठवण. ती तर कुठल्याच टेबलावर चालत नाही.

भाच्याने ओपनस्ट्रीटमॅप काढला तो यासाठी. 2004 साली ब्रिटनमध्ये सुरू झालेला हा जगाचा नकाशा कुठल्या कंपनीच्या मालकीचा नाही. विकिपीडियाचा लेख जसा कुणालाही लिहिता येतो, तसा हा नकाशा कुणालाही काढता येतो, दुरुस्त करता येतो आणि श्रेय देऊन फुकट वापरता येतो. खाली उपग्रहाचं चित्र असतं, त्यावर आपण रेषा ओढायच्या. पण आमच्या गावात उपग्रहाची पंचाईत होते. वरून बघितलं तर नुसत्या माडांच्या झावळ्या. झावळ्या नसतील तिथे जलपर्णीची हिरवी चादर. उपग्रहाला ते शेत वाटतं. ते पाणी आहे हे तिथे पाय बुडवलेल्या माणसालाच ठाऊक. म्हणून दोरी आणि म्हणून काका.

रविवारी दुपारी भाच्याने बावखल नकाशावर आखलं आणि नाव मराठीत लिहिलं. मंगळवारी बघतो तर कुणीतरी आमची एक कड सरकवलेली. आम्ही आखलेलं तळं शेजारच्या पायवाटेवर चढलं होतं. कुणा अनोळखी माणसाने ते वाटेपासून मागे घेतलं होतं आणि खाली दोन ओळींत नम्रपणे कारण लिहिलं होतं. मला आधी रागच आला. आमच्या वाडीतलं तळं, आम्ही दोरीने मोजलेलं, आणि हा कोण कुठला? पण जाऊन बघितलं तर त्याचं बरोबर होतं. माझीच एक गाठ मोजायची चुकली होती.

मला या साऱ्या प्रकारात सर्वांत आवडली ती ही गोष्ट. आमची चूक कुणाला तरी दिसली, त्याने ती सुधारली, आणि आधी काय होतं, कुणी कधी बदललं, हेही तिथेच नोंदलेलं राहिलं. उद्या कुणी ते बावखल नकाशावरून पुसलं तर पुसल्याचीही तारीख राहील. जमिनीवर डंपर ओतताना अशी तारीख कुणी ठेवत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं कशाला? गावाचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत की. आहेत, आणि मी त्यांतल्या सहांत आहे. त्यांची निंदा करणार नाही, कारण त्यांनी केलेलं काम मी डोळ्यांनी बघितलंय. आमच्याकडच्या बायका पहाटे सोनचाफ्याच्या कळ्या खुडून पिशव्यांत मोजून भरतात आणि फुलं दादरच्या बाजारात जातात. पूर्वी भाव काय मिळाला हे संध्याकाळी माणूस गाडीतून उतरल्यावर कळायचं, आणि तो सांगेल तोच भाव. आता सकाळी आठच्या आत बाजारातून ग्रुपवर निरोप पडतो. आमच्या काकू तो वाचतात आणि दुसऱ्या दिवशी किती कळ्या तोडायच्या आणि किती घरच्या देवाला ठेवायच्या ते ठरवतात. ज्याच्याकडे बातमी त्याच्याकडे भाव, हा बाजाराचा जुना नियम. बातमी चार घरांत एकदम आली की तो नियम थोडा तरी ढिला होतो.

पण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं पाणी साठत नाही, वाहून जातं. गेल्या पावसाळ्यात कुठला रस्ता बुडाला होता, हे ग्रुपवर शोधायला जा. शुभ सकाळ, वाढदिवस आणि पुष्पगुच्छांच्या खालून ते वर येतच नाही. शिवाय ग्रुप म्हणजे कडी लावलेलं अंगण. आतल्यांना दिसतं, बाहेरच्याला नाही. आत कुणी खोटं बोललं तर त्याला बाहेरून खोटं ठरवायला कुणी येऊ शकत नाही.

त्याची किंमत आमच्याच जिल्ह्याने मोजलीय. 16 एप्रिल 2020. टाळेबंदीचे दिवस. डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावाजवळ दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक जमावाने ठार मारले. त्याआधी त्या भागात चोर फिरताहेत, मुलं पळवणारे आलेत अशा अफवा मोबाइलवरून फिरत होत्या. त्याच्याही दोन वर्षं आधी, 1 जुलै 2018 ला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात असंच झालं होतं. भिक्षेकरी म्हणून फिरणारे पाच जण मुलं पळवणारे समजून मारले गेले. दोन्हीकडे माहिती पोचवणारं साधन तेच होतं ज्यावर आमच्या काकूंना सोनचाफ्याचा भाव कळतो. निरोप झपाट्याने पोचला. तो खरा की खोटा हे पारखायला मात्र कुठे जागाच नव्हती. कुणी पाठवला ते माहीत नाही, पहिला निरोप काय होता ते माहीत नाही, आणि दुरुस्ती निघाली तरी ती मूळ निरोपाच्या मागे धावून त्याला गाठू शकत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की माहिती पोचणं वेगळं आणि माहिती उघडी असणं वेगळं. पोचवायची सोय आपल्याकडे आता उदंड झाली. उघडी ती, जी एका ठरलेल्या जागी ठेवलेली असते, कुणालाही बघता येते, चुकली तर दाखवता येते आणि दाखवलेली चूक तिथेच दुरुस्त होते.

सातबाऱ्याचंच घ्या. आमच्या पिढीला तलाठ्याचं दप्तर म्हणजे देव्हारा. उतारा हवा तर सकाळी जा, तलाठी फेरीवर गेले असतील तर उद्या जा. मग महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर उतारे दिसू लागले आणि 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपयांत, घरबसल्या. माझ्या मामांनी तो पहिल्यांदा मोबाइलवर उघडला आणि ओरडलेच. त्यांच्या वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलेलं. ते अक्षर कुठल्याशा काळी नक्कल करताना पडलं असेल. चाळीस वर्षं ते दप्तरात बसून होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण कुणी बघितलंच नव्हतं. जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली लेखनातली अशी चूक दुरुस्त होते. मामांनी अर्ज केला, थोड्या खेपा घातल्या, अक्षर सुधारलं. दप्तर बंद असतं तर ती चूक माझ्या मामेभावाच्या मुलाच्या वाट्याला गेली असती.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. महाराष्ट्राने केंद्राच्या आधी स्वतःचा माहिती अधिकाराचा कायदा केला. पुढे 2005 च्या केंद्रीय कायद्याने त्याची जागा घेतली. त्या कायद्याचं कलम 4 आपण फारसं वाचत नाही. आपल्याला अर्ज, दहा रुपयांचा स्टॅम्प आणि तीस दिवस तेवढे माहीत. कलम 4 सांगतं की कार्यालयांनी नोंदी नीट लावाव्यात, जमेल तशा संगणकावर आणाव्यात, देशभर जाळ्याने जोडाव्यात आणि लोकांनी मागायच्या आधी आपणहून पुढे ठेवाव्यात. म्हणजे अर्ज करावा लागणं हा खरं तर नाइलाज. नियम उघडं ठेवण्याचा आहे.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने वसईची हिरवाई वाचवायला हरित वसईची चळवळ चालली, त्या काळाची मला आठवण येते. कुठला पट्टा हिरवा आणि कुठला बांधकामाचा हे समजून घ्यायला कार्यालयात जाऊन आराखड्याचा नकाशा डोळ्यांनी बघावा लागायचा. बघून आलेला माणूस आठवणीने वहीत काढायचा आणि ती वही घरोघर फिरायची. मोर्चाची तारीख चर्चच्या आवारात, देवळाच्या पारावर आणि हाताने वाटलेल्या पत्रकांवर. माणसं कमी नव्हती, जिद्द कमी नव्हती. कागद मात्र समोरच्याच्या हातात असायचा.

आता थोडं उलट्या बाजूने. उघडेपणाचा काटाही टोचतो. सातबारा सगळ्यांना दिसतो म्हणजे जमिनीच्या दलालालाही दिसतो. कुणाच्या नावावर किती गुंठे, कुठे वारस लागलेत, हे बघून फोन येतात, आणि येणारा माणूस तुमच्या घरातल्या भांडणाची चौकशी तुमच्याआधी करून आलेला असतो. बावखल नकाशावर आलं म्हणजे ते भरायला टपलेल्यालाही सापडलं. हा विचार आम्ही केला. पण त्याला ते आधीच सापडलेलं असतं. त्याच्याकडे मोजणीदार असतात, गावात माणसं असतात. ठाऊक नसतं ते तिसऱ्या गल्लीतल्या शेजाऱ्याला. आणि तळं वाचवायला तोच लागतो.

दुसरा काटा माझ्या शेजारचाच. काकांकडे साधा फोन आहे. नकाशावर जी माहिती आहे ती सगळी त्यांच्या डोक्यातून आलेली, पण ती बघायला त्यांना भाच्याच्या खांद्यावरून वाकावं लागतं. गावातली जाणती माणसं आणि मोबाइल चालवणारी पोरं एका ठिकाणी बसली नाहीत तर साधन कितीही चांगलं असो, त्यात भरायला काही उरणार नाही. पोरांना बोटं चालवता येतात, पण कुठलं बावखल एप्रिलमध्येही आटत नाही हे त्यांना माहीत नसतं.

एकत्र बसलं की काय होतं ते आमच्या किनाऱ्यावर थंडीत दिसतं. ओहोटीला चिखल्या, तुतवार, कुरव उतरतात आणि त्यांच्यामागे दुर्बिणी घेतलेली माणसं. ती बघितलेले पक्षी ईबर्ड या संकेतस्थळावर नोंदतात: जागा, वेळ, संख्या. एकट्याची नोंद म्हणजे रविवारची हौस. पण देशभरातल्या तीस हजारांवर पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींतून 2023 साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल तयार झाला. त्यात 942 जातींचा विचार आहे. कुठला पक्षी घटतोय हे सरकारी दौऱ्यांतून नाही, अशा रविवारांच्या बेरजेतून कळलं.

बावखलांचीही बेरीज अशीच व्हायला हवी. भुईगावातून चार, निर्मळातून सहा, गासमधून आणखी काही. ज्याची कुठेच नोंद नाही ते भरायला सर्वांत सोपं असतं.

मंगळवारी ती दुरुस्ती काकांना दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, भाच्याच्या मोबाइलवर वाकून निळा ठिपका बघितला आणि विचारलं, "आणि वाटेच्या पलीकडचं?"

"तिथे तर बिल्डिंग आहे काका."

"आता आहे. आधी बावखल होतं. माझी म्हैस बुडालीय त्यात."

ते बुजलेलं तळं या नकाशावर आखता येत नाही. तिथे जमिनीवर आज जे आहे तेच दाखवायचा रिवाज आहे, आणि तो योग्यच आहे. म्हणून आम्ही एक वेगळी यादी सुरू केलीय: जागा, खूण, कुणाला आठवतंय आणि कधी भरलं. यादी लिंकवर उघडी ठेवलीय. कुणालाही वाचता येते, चूक असेल तर खाली लिहिता येते. पहिली नोंद काकांच्या म्हशीच्या बावखलाची आहे.

तुमच्या वाडीत, आळीत, गावात असं एखादं तळं, विहीर, पाणवठा असेल तर येत्या रविवारी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला सोबत घ्या आणि मोजून या. दोरी नसली तर पावलं चालतील. चुकलात तर कुणीतरी दुरुस्त करील.