‘ट्रॅप्ड’मधलं घर कुणी पाहिलं?
विक्रमादित्य मोटवानेचा ‘ट्रॅप्ड’ २०१७ साली आला. जवळजवळ सगळा चित्रपट एकट्या राजकुमार रावचा. समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं, फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कारही मिळाला. रास्तच! पण मी वाचलेली परीक्षणं भूक, तहान आणि शाकाहारी माणसाने खाल्लेल्या कबुतरातच रमली. अहो, तो तिथे अडकला कशामुळे? नूरीशी (नाव लक्षात घ्या) लग्न करायचं, म्हणून घाईने भाड्याचं घर हवं होतं. एजंटाने रिकाम्या टॉवरमधला फ्लॅट गळ्यात मारला. मुलचेऱ्याहून मुंबईला नोकरीसाठी गेलेल्या आमच्या पोरांना विचारा. नाव सांगितलं की फ्लॅट ‘आत्ताच गेला’ असतो. मग मिळेल त्या एजंटाचे पाय धरायचे. समीक्षकांना दिसली ती जिद्द. घरभाड्यावर एक ओळ तरी लिहायची होती.