रक्तवर्धक बाटली आणि रिकामे ताट

ऊसतोडीच्या फडावरून अशक्त होऊन परतलेल्या मजूर स्त्रीला 'अंगात रक्त कमी आहे' एवढे सांगितले जाते आणि तिच्या हाती एक लाल बाटली येते. डाळ, पालेभाजी, अंडी यांचे पैसे त्या बाटलीत जिरतात. 200 मिलिलिटरची बाटली, दिवसातून दोनदा 15 मिलिलिटर घेतल्यास, सातव्या दिवशी रिकामी होते. शरीरातील लोहाचा साठा भरून येण्यास मात्र महिने लागतात. एका बाटलीने रक्त वाढत नाही, दुसऱ्या बाटलीची गरज तेवढी वाढते.

या धंद्याचा इतिहास स्वच्छ नाही. कुचल्याचे विष, म्हणजे स्ट्रिक्नीन, आणि कॅफीन यांचे मिश्रण असलेल्या टॉनिकांवर बंदी घालण्यास 1983 साल उजाडले. जनावरांच्या रक्तातील हिमोग्लोबिन घातलेली मिश्रणेही 2000 सालापर्यंत राजरोस विकली गेली. हिमोग्लोबिनमध्ये लोह असते जेमतेम 0.34 टक्के! आवश्यक औषधे कोणती, हे हाथी समितीने 1975 सालीच 117 औषधांची यादी देऊन दाखविले होते. पण नफ्याला गरजेची यादी मानवत नाही. त्याला मागणी निर्माण करावी लागते.

सरकारी गोळीने मळमळते, म्हणून लोक बाटली घेतात, असा युक्तिवाद केला जातो. मळमळ होते, हे खरे. परंतु त्यावर उपाय जेवणानंतर गोळी घेण्याचा सल्ला हा आहे, महागडे सरबत हा नव्हे. गरोदर स्त्रीला किमान 180 दिवस मोफत गोळ्या देण्याचे धोरण कागदावर आहे. उपकेंद्रात गोळी संपली, की दुकानदाराचे फावते. अपयश शासनाचे, कमाई कारखानदाराची!

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. महाराष्ट्रात 54 टक्के. निम्म्याहून अधिक स्त्रियांना जडलेला हा विकार वैयक्तिक दुबळेपणा कसा ठरेल? अपुरी मजुरी, सर्वांच्या मागून जेवण्याची रीत, लागोपाठची बाळंतपणे, अनवाणी पायांतून शिरणारे अंकुशकृमी ही त्याची कारणे आहेत. नंदुरबार-गडचिरोलीच्या आदिवासी पाड्यांवर तर तो सिकलसेलही असू शकतो. तेथे तपासणीविना दिलेली बाटली ही निव्वळ फसवणूक होय.

म्हणून कार्यकर्त्यांनी उपकेंद्रातील गोळ्यांचा साठा तपासावा, हिमोग्लोबिनच्या तपासणीचा आग्रह धरावा, रेशनवर डाळ मागावी आणि किमान वेतनासाठी लढावे. श्रमिकांचे रक्त ज्या व्यवस्थेने शोषले, तिच्याच दुकानातून ते बाटलीने परत मिळणार नाही.