हौसेचे विमान आणि मसूरची बैलगाडी

गेल्या महिन्यात एका बैठकीसाठी आम्ही सांगलीहून साताऱ्याला एस.टी.ने निघालो होतो. बरोबर वस्तीतील दोन भगिनी होत्या, आणि त्यांच्यापैकी एकीची यंदा दहावी झालेली मुलगी. कराड आले, गाडी महामार्गावर थोडी रेंगाळली, तोच वारुंजीच्या बाजूला एक लहानसे विमान घिरट्या घालताना दिसले. मुलीने खिडकीतून मान बाहेर काढली.

"काका, कुणाचं विमान ते?"

"शिकणाऱ्यांचं असेल."

"आणि शिकून झाल्यावर नुसतं मजेसाठी उडवता येतं का? स्वतःचं?"

आम्ही तोंड उघडण्याआधीच तिच्या आईने तिला आत ओढले. "गप बस गं. बायकांना अर्धं तिकीट झालं म्हणून निघालोय आपण साताऱ्याला, आणि ही निघाली इमानात!" सगळे हसले. आम्हीही हसलो. घरी आल्यावर मात्र त्या हसण्याची लाज वाटली. पोरीने विचारलेला प्रश्न सरळ होता आणि त्याला उत्तर होते. ते आज देत आहोत.

उडवता येते. जगात हजारो माणसे निव्वळ हौसेसाठी विमान बाळगतात. त्यातही काहींचा जीव जडलेला असतो तो जुन्या दुपंखी विमानावर, म्हणजे एकावर एक असे पंखांचे दोन मजले असलेल्या विमानावर. पंखांचा सांगाडा लाकडाच्या पट्ट्यांचा, त्यावर शिवून ताणलेले कापड आणि कापडावर ते ताठ व्हावे म्हणून दिलेला रोगण. वरचा आणि खालचा पंख खांबांनी आणि तारांनी एकमेकांना बांधलेला. सुरुवातीच्या काळात इंजिने कमजोर होती आणि लाकूड-कापडाचा लांब पंख मोडून पडे. आखूड पंख दोन करून तारांनी आवळले की लोखंडी पुलाच्या कैचीसारखी मजबुती येई आणि विमान उचलायला पंखांचे क्षेत्रफळही मिळे. पुढे धातूचे भक्कम पंख आणि जोरदार इंजिने आली. वाऱ्याला अडवणाऱ्या त्या तारा नकोशा झाल्या आणि एकपंखी विमानांचे राज्य सुरू झाले.

हे पहिले यंत्र बनवले कुणी? राइट बंधूंनी, आणि त्यांचे सायकलींचे दुकान होते. 17 डिसेंबर 1903 रोजी अमेरिकेत किटी हॉक येथे त्यांचे दुपंखी विमान प्रथम उडाले ते फक्त 12 सेकंद आणि 120 फूट. त्याचे इंजिन चार्ली टेलर नावाच्या त्यांच्या दुकानातील कारागिराने घडवले होते. आपल्याकडे काही मंडळी अजून सांगतात की विमानविद्या आमच्या ऋषींच्या पोथीत होतीच. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी 1974 साली ती 'वैमानिक शास्त्र' नावाची पोथी तपासली. ती विसाव्या शतकाच्या आरंभी रचलेली असून तिच्यातले एकही विमान उडू शकत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. बाविस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने सायकलवाल्यांवर विश्वास ठेवावा. पुष्पक विमानाची चौकशी करू नये.

आपल्या देशातही दुपंखी विमान लवकर आले. 18 फेब्रुवारी 1911 रोजी अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीला टपालाच्या सुमारे साडेसहा हजार पत्रांची पिशवी घेऊन आंरी पेके हा फ्रेंच वैमानिक उडाला, तो अशाच विमानातून. हौसेचे विमान मात्र आले 'मॉथ'मुळे. मॉथ म्हणजे पतंग, दिव्यावर झेपावणारा किडा. इंग्लंडच्या डी हॅविलंड कंपनीने 1925 साली हे दोन माणसांचे छोटे विमान उडवले. पंख मागे दुमडून ते शेडमध्ये ठेवता येई. जिप्सी इंजिनाच्या मॉथची किंमत सुमारे साडेसहाशे पौंड होती. त्या वेळच्या दराने पौंडाला तेरा रुपये पाच आणे धरले तर साडेआठ हजारांच्या वर रुपये होतात. कारकुनी डोक्याने हा हिशेब आम्ही दोनदा केला. ज्या समाजाला वतनाची मेलेली ढोरे ओढावी लागत होती, त्याच्या कानावर असला आकडा पडायचाही संबंध नव्हता.

मुंबईत जुहूला फ्लाइंग क्लब निघाला आणि 10 फेब्रुवारी 1929 रोजी जे. आर. डी. टाटा यांना तेथे वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिला परवाना. त्याच वर्षी आगाखानांनी 500 पौंडांचे बक्षीस लावले, इंग्लंड-भारत प्रवास एकट्याने विमानातून करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी. मनमोहन सिंग, अस्पी इंजिनियर आणि जे. आर. डी. असे तिघे जण जिप्सी मॉथ घेऊन निघाले. अस्पी अवघा सतरा वर्षांचा होता. तो इंग्लंडहून येत होता आणि जे. आर. डी. कराचीहून जात होते. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पीचे विमान स्पार्क प्लगअभावी अडकले होते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचा जादा प्लग त्याला देऊन टाकला, आणि थोड्या तासांच्या फरकाने बक्षीस अस्पीने जिंकले. हाच मुलगा पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. दिलदारपणाची गोष्ट आहे आणि आम्हाला ती आवडते. पण ती मे 1930 मधली आहे. त्याच वर्षी 2 मार्चला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. एकाच देशात एकाच वर्षी काही जण हौसेने आकाश ओलांडत होते आणि आपली माणसे एका दाराचा उंबरा ओलांडण्यासाठी लाठ्या-दगड खात होती.

यावर कुणी म्हणेल, मग हौसेचे विमान ही त्यांचीच गोष्ट, आपली नव्हे. आमच्या समितीच्या बैठकीत एका जुन्या कार्यकर्त्याने तसे स्पष्टच म्हटले. "पोटाला नाही आणि विमानाच्या गप्पा." त्यांच्याविषयी आम्हाला आदर आहे. तरी त्यांना आम्ही बेसी कोलमन सांगितली.

बेसी 1892 साली अमेरिकेत टेक्सासमध्ये जन्मली. काळ्या समाजातली, कापूस वेचणाऱ्या घरातली. शिकागोत एका केशकर्तनालयात ती गिऱ्हाइकांची नखे कापून साफ करी. पहिल्या महायुद्धावरून परतलेला भाऊ तिला डिवचू लागला की फ्रान्समधल्या बायका विमान चालवतात, तुला जमणार आहे का? हिने मनावर घेतले. अमेरिकेतल्या एकाही विमानशाळेने तिला घेतले नाही. एक तर काळी, त्यात बाई. तेव्हा 'शिकागो डिफेंडर' या काळ्या समाजाच्या साप्ताहिकाचे संपादक रॉबर्ट ॲबट यांनी तिला सल्ला दिला, फ्रेंच शीक आणि फ्रान्सला जा. वाचकहो, साप्ताहिकाच्या संपादकाने! (आमच्या संपादकांनी हे वाक्य छापताना कापू नये.) बेसी रात्रीच्या वर्गात फ्रेंच शिकली, पैसे साठवले, फ्रान्सला गेली आणि 15 जून 1921 रोजी दुपंखी विमानावर परवाना मिळवून आली. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकन स्त्रीला मिळालेला तो पहिलाच परवाना.

पुढे ती कसरतीचे खेळ करू लागली. टेक्सासमधल्या एका खेळात गोऱ्यांना एक फाटक आणि काळ्यांना दुसरे असे ठरत होते. बेसीने सांगितले, फाटक एकच असेल तर उडेन. फाटक एकच झाले, आतली बसण्याची जागा मात्र वेगळीच राहिली. चवदार तळ्याच्या आधीची, 1925 च्या सुमाराची ही गोष्ट आहे. 30 एप्रिल 1926 रोजी सरावाच्या वेळी तिच्या जुन्या, दुसऱ्याच्या हातच्या विमानात एक पाना यंत्रात अडकला. विमान उलटले आणि पट्टा न बांधलेली बेसी खाली पडून मरण पावली. आपल्या मुलांसाठी विमानशाळा काढायचे तिचे स्वप्न राहून गेले. नवे विमान घ्यायला तिच्याकडे पैसे नव्हते, हे आम्हाला त्या पान्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

आता मसूर. कराडच्या धावपट्टीवरून उडालेल्या विमानाला मसूर स्टेशन काही मिनिटांत खाली दिसावे. दोन्ही कराड तालुक्यातच. 1901 साली बालभीमराव साताऱ्याहून भाऊ-भाच्यांसह नवे कपडे घालून रेल्वेने मसूरला उतरले, गोरेगावला वडिलांकडे जाण्यासाठी. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला आणि एकही गाडीवान तयार होईना. शेवटी एक जण तयार झाला तो या अटीवर की भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. आम्ही भाषणांत त्यातला अपमान नेहमी सांगतो, रात्रभर न मिळालेले पाणी सांगतो. पण कासरा त्या दिवशी मुलांच्या हातात होता, हे आम्ही कधी सांगितले नाही.

आमच्या आजीच्या तोंडी विमान हा शब्द एकाच संदर्भात येई. 6 डिसेंबर 1956 च्या रात्री दिल्लीहून निघालेले आणि बाबांना घेऊन पहाटे मुंबईत उतरलेले विमान. त्यापलीकडे तिला विमान नव्हते.

राहिला पैशांचा प्रश्न. त्यात लपवाछपवी करण्यात अर्थ नाही. धंदेवाईक वैमानिकाचा परवाना घ्यायचा तर 200 तासांचे उड्डाण लागते आणि खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. परंतु केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या पहिल्या गटात या अभ्यासक्रमाचे नाव आहे. उत्पन्नाची मर्यादा, मिळणारी रक्कम आणि मान्यताप्राप्त संस्था यांची चौकशी समाजकल्याण कार्यालयात लेखी करावी, तोंडी नको. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागत आले आहेत. कला-वाणिज्यवाल्यांना ते विषय मागाहून वेगळे द्यावे लागतात. आम्ही वाणिज्य घेतले कारण जवळच्या कॉलेजात तेवढेच होते. मुलांनी तसे करू नये. एन.सी.सी.च्या हवाई शाखेत निवड झालेल्या छात्रांना लहान मायक्रोलाइट विमानात बसायला मिळते, तेही घरच्या खर्चाशिवाय. कॉलेज निवडताना ही शाखा आहे का, एवढे विचारावे.

आणि स्वतःचे विमान? परदेशात पगारदार माणसेसुद्धा पाच-दहा जण मिळून एक जुने विमान घेतात, वाटून खर्च करतात आणि रविवारी पाळीपाळीने उडवतात. आपल्या बायकांची भिशी चालते तसेच. आवडते जुने विमान म्हणजे टायगर मॉथ. 130 अश्वशक्तीचे इंजिन, वर उघडे, तोंडावर वारा, पुढचा आणि मागचा माणूस नळीतून एकमेकांशी बोलणार. त्याला ब्रेक नाही आणि स्टार्टरही नाही, पंखा हाताने फिरवून चालू करायचे. वेग ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटर, आपल्या निमआरामपेक्षा फार नाही. युद्धात आपल्या हवाई दलाची मुले यावरच शिकली आणि नंतर ही विमाने देशातल्या फ्लाइंग क्लबांत गेली. घरी विमान बांधणारेही आहेत. कॅप्टन अमोल यादव मूळचे आपल्या पाटण तालुक्याचे. त्यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले आणि 2016 साली ते लोकांपुढे मांडले. ते एकपंखी आहे. पण गच्ची ती गच्चीच.

मुलीचा अकरावीचा अर्ज भरायचा आहे. घरी आईचे म्हणणे कला शाखा, कारण ते कॉलेज चालत जाण्याजोगे आहे. वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार आहेत. त्यांचे म्हणणे, पोरगी म्हणेल ते. गणितात तिला चांगले गुण आहेत. आम्ही दोन संध्याकाळी त्यांच्या घरी बसलो. पहिल्या पसंतीची जागा अजून कोरी आहे.

विहारात ठरले ते असे. येत्या रविवारी मुलांना घेऊन आधी मसूर स्टेशन पाहायचे, मग वारुंजीला जाऊन कुंपणाबाहेरून धावपट्टी. कोयना धरणाच्या कामासाठी ती 1950 च्या दशकात बांधली होती, हेही तिथेच सांगायचे. आतापर्यंत 11 मुलांची नावे आली आहेत. गाडीभाडे वर्गणीतून, भाकरी ज्याची त्याने आणायची. काल रात्री त्या मुलीची आई आमच्या दारात आली, बाराव्या नावाला स्वतःचे नाव घातले आणि विचारले, "भाऊ, कुंपणाबाहेर हुभं ऱ्हायला तिकीट लागत न्हाई न्हवं?"