लेमाँकाठचे गडगे

युरोपला निघालेली माणसं मला हमखास एक प्रश्न विचारतात, "दहा दिवसांत किती देश होतील?" माझं उत्तर ठरलेलं आहे. देश मोजत बसू नका. तीसेक किलोमीटरचा एखादा पट्टा निवडा आणि तो पायी बघा. हे ऐकून समोरच्याचा चेहरा उतरतो. एवढे पैसे घालून एकाच जागी राहायचं? हो, एकाच जागी. तसा एक पट्टा मी पाहिला आहे, आज त्याच्याबद्दल लिहिते.

स्वित्झर्लंडच्या फ्रेंच बोलणाऱ्या व्हो प्रांतात लेमाँ सरोवर आहे. आपण त्याला जिनिव्हाचं सरोवर म्हणतो. त्याच्या उत्तर काठावर, लोझान शहर मागे पडलं की शियोंच्या किल्ल्यापर्यंत एक उभा डोंगरउतार लागतो. तो लाव्हो. पाण्यापासून वरच्या रानापर्यंत सगळा उतार पायऱ्यापायऱ्यांनी बांधून काढलेला, आणि प्रत्येक पायरीवर द्राक्षाची बाग. मधूनमधून दाटीवाटीने वसलेली दगडी गावं: सां साफोरां, रिव्हा, एपेस, क्युली, ल्युत्री. पलीकडच्या काठावर फ्रान्सचे डोंगर.

पहिल्यांदा मी इथून गेले ती एका सहलीच्या बसमधून. अकरा दिवसांत सात देश होते. बस वरच्या महामार्गाने निघून गेली, "खाली द्राक्षांचे मळे आहेत" अशी घोषणा झाली आणि किल्ल्यापाशी फोटोला वीस मिनिटं मिळाली. घरी येऊन फोटो लावताना कुठला मळा कुठल्या देशातला हेही मला सांगता येईना. त्याचं मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या खेपेला मावशी बरोबर होती. तिचा मुलगा लोझानला नोकरी करतो. मावशी एकाहत्तर वर्षांची, माहेर राजापूरजवळचं. लोझानहून वव्हेकडे जाणारी लोकल पकडली की वीसेक मिनिटांत सां साफोरां येतं. आम्ही तिघं उतरलो. तिथून ल्युत्रीपर्यंत बागांमधून पायवाट आहे, साधारण अकरा किलोमीटरची. मावशीला एवढं झेपणार नव्हतं, पण वाटेतल्या बहुतेक गावांना स्टेशन आहे, त्यामुळे दमलं की खाली उतरून गाडीत बसता येतं. आम्ही दोन दिवसांत तुकड्यातुकड्याने चाललो.

पहिल्याच वळणावर मावशी थांबली. बांधाच्या भिंतीवर तळवा टेकवून म्हणाली, "अगं, हे तर आपले गडगेच!"

कोकणात ज्यांचं बालपण गेलं त्यांना हे वेगळं सांगायला नको. दगडावर दगड रचून उभी केलेली, कमरेएवढी भिंत म्हणजे गडगा. लाव्होतही काही भिंती अशाच कोरड्या रचलेल्या आहेत, पुष्कळ ठिकाणी मात्र दगड चुन्याने सांधलेले आहेत. कुठे कंबरभर उंची, कुठे दोन पुरुष. सगळ्या भिंती एकापुढे एक मांडल्या तर 400 किलोमीटरहून लांब भरतील.

थोडं पुढे एक साठीचा बागाईतदार ढासळलेला कोपरा पुन्हा रचत होता. एक दगड उचलायचा, बसवून बघायचा, काढायचा, फिरवून दुसऱ्या अंगाने बसवायचा. तिसऱ्या खेपेला तो दगड असा बसला की हाताने हलवून हलेना. मावशी बराच वेळ बघत उभी होती. मग मुलाला म्हणाली, "त्याला सांग, मागे चिपा भर. नाहीतर पाणी तुंबेल आणि पावसात भिंत फुगेल." त्याने ते फ्रेंचमध्ये सांगितलं. बागाईतदार हसला, बाजूला सरकला आणि भिंतीच्या पाठीमागे भरलेला दगडाच्या चिपांचा थर त्याने दाखवला. मावशीने मान डोलावली. भाषेवाचून दोघांचं जमलं. मग त्यानेच सांगितलं की त्याचे आजोबा दर हिवाळ्यात, वरून वाहून खाली साठलेली माती पाठीवरच्या करंडीत भरून पुन्हा वरच्या बांधावर नेऊन टाकत. मावशी म्हणाली, "आमच्याकडे बायका डोक्यावरून नेत."

आता बऱ्याच बागांतून दातेरी रुळावर चालणारी, खुर्चीएवढी छोटी गाडी वर-खाली करते. ओझं तिच्यावर चढतं. पण एवढ्या उतारावर आणि एवढ्या अरुंद पायरीवर ट्रॅक्टर येत नाही, त्यामुळे छाटणी आणि तोडणी आजही हातानेच. आपल्या नाशिककडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्या होतात. इथे हिवाळ्यात वेल झोपी जातो आणि एकदाच छाटला जातो. इथले लोक म्हणतात की आमच्या द्राक्षाला तीन सूर्य लागतात: एक आकाशातला, दुसरा सरोवराच्या पाण्यावरून परतणारा आणि तिसरा दिवसभर तापून रात्री ऊब सोडणारा, भिंतीतला. मावळतीनंतर मी एका भिंतीला पाठ लावून बसले होते. तिसऱ्या सूर्याची खात्री तिथेच पटली.

हे बांध अकराव्या शतकापासूनचे. बेनेडिक्टाइन आणि सिस्टर्शियन मठांच्या ताब्यात ही जमीन होती, त्या काळी उतार फोडून बांध घालायला सुरुवात झाली. पुढे 1536 साली बर्नच्या राज्यकर्त्यांनी हा प्रांत जिंकला, मठ गेले, आणि लाव्होतल्याच देझाले भागातल्या मठांच्या काही बागा लोझान शहराकडे आल्या. त्या अजून शहराच्याच मालकीच्या आहेत. म्हणजे नगरपालिका स्वतःची द्राक्षं पिकवते आणि त्या वाइनचा दरवर्षी लिलाव करते.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती मात्र 1977 सालची गोष्ट. सरोवर समोर, शहर शेजारी, अशा जमिनीवर बंगले उठायला कितीसा वेळ लागतो? पर्यावरणासाठी लढणाऱ्या फ्रांझ वेबर यांनी लाव्हो वाचवण्याची मोहीम काढली, प्रांतात मतदान झालं आणि लोकांनी या उताराला कायद्याचं संरक्षण दिलं. 2005 साली पुन्हा मतदान झालं, तेव्हाही कौल तोच. त्यानंतर 2007 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात नाव घातलं. आधी तिथल्या मतदारांनी ठरवलं, मग जगाने शिक्का मारला. सह्याद्रीच्या उतारांवर प्लॉट पाडल्याच्या जाहिराती रोज वाचणाऱ्या आपल्याला हा क्रम नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे.

वाइनबद्दल थोडंसंच. इथलं मुख्य द्राक्ष शास्ला, त्याची पांढरी वाइन होते. चव हलकी, स्वच्छ, पहिल्या घोटाला फिकीच वाटते. दुसऱ्या घोटाला ओल्या दगडाचा वास जाणवतो. स्विस लोक आपली वाइन जवळजवळ सगळी स्वतःच पितात, बाहेर जाते ती एक-दोन टक्के. त्यामुळे ती चाखायची तर इथेच यावं लागतं. गावोगावी बागाईतदारांचं तळघर असतं, तिथे छोट्या पेल्यात देतात. मावशी घेत नाही. तिने चीज आणि पाव खाल्ला, सरोवरातल्या मासळीची चौकशी केली आणि संध्याकाळी ती तळून मागवली.

या पट्ट्याच्या पूर्वेकडच्या भागात वव्हेजवळ कोर्सो नावाच्या गावी, अगदी पाण्याच्या काठाला, एक बैठं पांढरं घर आहे. वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांनी 1923-24 मध्ये ते आपल्या आईवडिलांसाठी बांधलं. चौसष्ट चौरस मीटरचं घर, आणि त्यात अकरा मीटर लांबीची एक सलग खिडकी. आपल्याकडच्या पुष्कळ फ्लॅटांपेक्षा लहान जागा, पण त्या खिडकीने सगळं सरोवर आत घेतलं आहे. इकडे त्यांनीच आखलेलं चंडीगड उभं राहत होतं तेव्हा त्यांची म्हातारी आई याच घरात राहत होती. 2016 साली चंडीगडचं कॅपिटॉल संकुल आणि हे घर एकाच यादीतून जागतिक वारशात गेलं. आणखी थोडं पुढे, किल्ल्यापलीकडच्या व्हिलनव्ह गावात, डिसेंबर 1931 मध्ये गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांच्या भेटीला आले होते. निघण्याआधीच्या संध्याकाळी रोलाँनी त्यांना पियानोवर बीथोव्हन ऐकवला. सहलीच्या बसमधून गेले तेव्हा यातलं काहीच मला माहीत नव्हतं.

तेव्हा पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडला जाणार असाल तर बर्फाच्या शिखरांतून दोन दिवस काढा आणि लोझान किंवा वव्हेला मुक्काम करा. हॉटेलात स्थानिक बस-रेल्वेचं कार्ड मिळतं का ते आवर्जून विचारा, बऱ्याच ठिकाणी मिळतं. कोर्सोचं घर रोज उघडं नसतं, दिवस बघून जा. पायात चांगले बूट हवेत, उन्हाळ्यात पाणी आणि टोपी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी सुरू असेल तर वाट सोडून बागेत शिरू नका आणि घडाला हात लावू नका. आणि फोटोसाठी भिंतीवर चढू नका. निसटलेला दगड पुन्हा बसवायला त्या माणसाला तीन खेपा लागतात.